नूरीचा कोट

सप्टेंबर लागला, शाळा उघडायची वेळ झाली, आणि कुवेतच्या रुमैथिया भागातल्या त्या घराच्या फाटकात विमानतळावरून आलेली गाडी थांबली, की गंगूबाई सगळ्यात आधी नूरीच्या टाचा बघायची. दुसरं कुणी असतं तर तोंडाकडे बघितलं असतं. पण तोंडाला माणूस क्रीम लावेल, पावडर लावेल, उसनं हसू आणेल. टाच खोटं बोलत नाही. जूनमध्ये निघताना ज्या टाचांच्या भेगांत तांदळाचा दाणा अडकला असता, त्या परत येताना भरून आलेल्या, लोण्याचा हात फिरवल्यासारख्या. ते बघितलं की घरात घ्यायच्या बॅगा गंगूबाई दणादण आपटत आणायची.

"हळू गो गंगूबाय," नूरी म्हणायची, "त्यात मामाच्या चॉकलेटी आहेत."

"असूदेत. चॉकलेटी काय मरतत?"

मामा म्हणजे कुणाचा मामा नव्हे. त्या घरची मालकीण कुबरा. कुवेतमध्ये घरकामाच्या बायका मालकिणीला मामा म्हणतात आणि मालकाला बाबा. गंगूबाईला सुरुवातीला फार हसू यायचं. वेंगुर्ल्याकडच्या गावात तिला एक सोडून तीन मामा होते आणि तिघांनाही मिशा होत्या. पण पुढे तोंडाला सवय झाली.

इराकशी झालेली पहिली लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं, त्या दिवसांत गंगूबाई तिथे आली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पोरगा दिराकडे शिकत होता, आणि गोठ्यात एक गाय होती, तांबू. निघताना तांबूच्या कपाळाला हात लावून गंगूबाई म्हणाली होती, "येतंय हां." पहिल्या सुट्टीत परत गेली तेव्हा गोठ्यात दिराची मोटारसायकल उभी होती. तांबू विकली गेली होती. बोलून गाय परत येत नसते.

तिच्या पाठोपाठ नूरी आली, रत्नागिरीकडची, खाडीकाठची. दोघींची खोली एक, कपाट एक, ओटा एक. बोली वेगळी, पण भाताच्या पेजेवर आणि सुक्या बांगड्यावर दोघींचं लगेच जमलं. भांडणंही जमली. ती नसती तर मैत्री कसली?

भांडणाचं मूळ एकच, ते म्हणजे उन्हाळा. मामाचं सगळं कुटुंब दर उन्हाळ्यात ऑस्ट्रियाला जायचं, डोंगरांच्या मधल्या एका दरीत, तळ्याकाठी. दोन बायकांतली एक बरोबर न्यायची, एक घर सांभाळायला ठेवायची. आणि दरवर्षी बरोबर जायची ती नूरी.

पहिल्या वर्षी गंगूबाईने मनाची समजूत घातली, की नूरी त्यांच्या धर्माची, तिथलं मटणबिटण तीच बघणार. दुसऱ्या वर्षी तिने धीर करून विचारलंच. मामाने तिचा हात हातात घेतला. "गंगू, तू गेलीस तर घर कुणावर सोडू? किल्ल्या मी फक्त तुझ्या हातात देते."

आता याला माणसाने काय म्हणावं? विश्वासाचं माणूस, विश्वासाचं माणूस म्हणून गंगूबाईला कुलपासारखं दाराला लटकावून ठेवलं होतं. नूरीच्या हातून दोनदा दूध उतू गेलं, एकदा इस्त्रीने बाबांचा पांढरा पायघोळ झगा, दिशदाशा, जळला, म्हणून नूरी डोंगरात हिंडणार. आणि हिने कधी चमचा हरवला नाही, म्हणून ही पन्नास डिग्रीत पडदे लावून बसणार. देवाघरचा न्याय असाच असेल तर तिथेही चमचे हरवलेले बरे, असं तिला वाटून जायचं. मग लगेच ती कानाला हात लावायची.

तो उन्हाळा तरी कसला! थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजायचा. सोफ्यांवर चादरी, माजघरात अंधार, बाहेर धुळीने पिवळं झालेलं आभाळ. ड्रायव्हर लक्ष्मीकांत भाजी आणून द्यायचा आणि दारातूनच चिडवायचा, "काय गंगूबाय, नूरीक डोंगर आणि तुमका एसी! तुमचीच मजा."

"मजा घे तू. जा, गाडी पूस."

गावी जायची तिची सुट्टी दोन वर्षांनी, तीही फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कोकणातले डोंगर उंदराच्या पाठीसारखे होतात. म्हणजे हिरवं गवत कसं दिसतं, हे गंगूबाई कुवेतला आल्यापासून विसरत चालली होती. आणि नूरी परत येऊन सांगायची ते नेमकं हिरव्याचंच.

"काय सांगू तुला, गंगूबाय. घरातून पाय बाहेर टाकला की गवत. वर बघितलं की बर्फ. उन्हाळ्यात बर्फ! तळ्यात होड्या. पोरं सायकली घेऊन हिंडतात, दोरीला लटकलेल्या डब्यात बसून डोंगरावर जायचं. आणि पाऊस आला की मामा आत येत नाही, उठून बाहेर जाऊन बसते. भिजते आणि हसते. तिथे पावसात बसलेली असली की तिच्याकडे काय वाटेल ते माग, नाही म्हणत नाही."

"आणि खाणा?"

"चीज घालून शेवया करतात. सफरचंदाची पोळी करतात, आत दालचिनी. दूध तर असं, की साय बोटाने उचलावी."

"आपल्या तांबूचा तसाच होता."

"आणि गाई म्हणजे घोड्याएवढ्या! गळ्यात ही मोठी घंटा. मला तर बघूनच धडकी भरते."

इथे गंगूबाईच्या हातातलं लाटणं थांबायचं. "गायीक घाबरतंस?"

"शिंगं आहेत ना तिला!"

हे ऐकून गंगूबाईच्या अंगाचा जो जाळ व्हायचा तो बर्फाने, होड्यांनी, सफरचंदाच्या पोळीने झाला नव्हता. कारण तिच्या घरची रीत होती, तव्यावरची पहिली भाकरी गाईची. आई तशी करायची, सासू तशी करायची. कुवेतमध्ये चपाती असो की भाकरी, गंगूबाई पहिली बाजूला काढायचीच. पण द्यायची कुणाला? उंट बघायला मिळाला, गाय नाही. मग ती गच्चीच्या कठड्यावर कबुतरांना घालायची आणि म्हणायची, "खावा मेल्यांनो, तुमचा नशीब." आणि तिथे ही बाई, जिला गाईचं शिंग बघून धडकी भरते, ती रोज सकाळी उठून गाईसमोर उभी! दात आहेत त्याला चणे नाहीत म्हणतात, ते काय उगाच?

त्यात पुन्हा तो कोट. मामाने आपला जुना तपकिरी लोकरी कोट नूरीला डोंगरासाठी दिला होता. वर्षातले नऊ-दहा महिने तो दोघींच्या कपाटात लोंबायचा, अर्धं कपाट अडवून. त्याच कपाटाच्या दाराला आतून गंगूबाईने गावच्या सातेरी देवीची तसबीर चिकटवली होती. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्या धर्माच्या घरात, देव मांडून बसायचं नाही एवढी समज तिला होती. मामालाही ठाऊक होतं, पण ती त्या कपाटाकडे कधी बघायची नाही. सकाळी अंघोळ झाली की गंगूबाई दार उघडायची, हात जोडायची, बंद करायची. पण दार उघडलं की आधी कोट अंगावर यायचा आणि मग सातेरी.

"देवीच्या दर्शनाक पण हिचा कोट आडवो," ती पुटपुटायची.

पुढे इराकची दुसरी लढाई झाली, त्या उन्हाळ्याची गोष्ट. मे महिन्यात मामाने पासपोर्ट गोळा करायला घेतले, तेव्हा गंगूबाईला राहवलं नाही. आमच्या मालवणी मुलखात देवाला नुसता नमस्कार करत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोऱ्याशिवाय गाऱ्हाणं म्हणजे सहीशिवाय अर्ज. गंगूबाईला दुजोरा द्यायला तिथे कोण होतं? ती एकटीच कपाटाचं दार धरून उभी राहिली.

"गे आई सातेरी, तुझी लेकरा समुद्रापार इली, तरी तुझी नजर आमच्यार आसा..."

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आला. नूरी खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. इतकी वर्षं ऐकून तिला पाठ झालं होतं.

गंगूबाईने मागे बघितलं नाही. "काय कोणाच्या मनात असात, काय वाकडा-तिकडा झाला असात, ता पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आज इतकी वर्सा जी वाट दुसऱ्याच्या पायाखाली आसा, ती यंदा माझ्या पायाखाली येवंदे, गे आई!"

"व्हय म्हा..." नूरी थांबली. मग तिने उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून हसायला सुरुवात केली. "अगो, म्हणजे माझीच वाट मागतेस? आणि दुजोरा माझाच घेतेस?"

"तुका कोणी सांगलेला मधी बोलूक?"

"बरं, बोलले तर बोलले. सातेरीने दिली तर जा हो खुशाल."

हसण्यावारी गेलं. पण गंगूबाईच्या मनात ते हसणं गेलं नाही. तिला वाटलं, हिला खात्री आहे म्हणून ही हसते.

आणि मग तिने ते केलं.

नूरीची पोर बानू, तिचा निका ऑक्टोबरच्या मध्याला ठरला होता. नूरीने मामाला अजून सांगितलं नव्हतं. तिचा बेत होता दरीत गेल्यावर, पाऊस पडत असताना, मामा बाहेर बसून हसत असताना सुट्टी मागायची. हे तिने एकट्या गंगूबाईला सांगितलं होतं, कपाटाशी उभं राहून, कुजबुजत.

त्या दिवशी नूरी वरच्या मजल्यावर बिछाने बदलत होती. मामा स्वयंपाकघरात वेलचीचा चहा घेत बसली होती. गंगूबाई मसूर निवडत म्हणाली, "मामा, नूरीच्या मुलीचं लग्न आलं. ऑक्टोबरात. तिला सुट्टी लागेल." अगदी काळजीच्या सुरात म्हणाली. स्वतःच्याच कानाला तो सूर इतका गोड लागला, की हातातला खडा तिने मसुरातच टाकला.

मामाचा कप खाली आला. "ऑक्टोबर? रमजानच्या तोंडावर? आणि मला सांगितलं नाही?"

वरून नूरीला हाक गेली. पुढचं सगळं मामाच्या हुकमाप्रमाणे झालं. ऑक्टोबरात सुट्टी नाही. लग्न करायचं तर उन्हाळ्यात करा, आम्ही नसताना. नूरी जुलैत गावी जाईल. घर लक्ष्मीकांत बघेल. आणि गंगू आमच्याबरोबर येईल.

इतकी वर्षं मागून जे मिळालं नाही, ते एका वाक्यात मिळालं.

 रत्नागिरीला फोन झाले, मुलाकडच्यांची मनधरणी झाली, भर पावसातली तारीख ठरली. गंगूबाई नूरीची नजर टाळून भांडी घासत होती. आपण खोटं कुठे बोललो, असं ती सातेरीला सकाळ-संध्याकाळ विचारत होती. सातेरी कोटामागे होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नूरीने कपाटातून कोट काढला आणि गंगूबाईच्या खाटेवर टाकला.

"घे. सकाळी तिथे गारठा असतो."

"नको माका. मी शाल घेतलंय."

"शालीने काय होतंय? घे म्हणते ना." एवढंच बोलून ती नमाजाला गेली.

कोट घडी करताना गंगूबाईचा हात खिशात गेला आणि बोटांना कोरडे चुरे लागले. नीट बघितलंही नाही तिने. बिस्किटं! म्हणजे मेली तिथे एकटीच बिस्किटं खात हिंडायची. आणि आम्हाला सांगायची, गंगूबाय तुझी आठवण येते!

दरी खोटी नव्हती. नूरीने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट होती. एका शेतकरी म्हातारीचं लाकडी घर, वरचा मजला मामाने भाड्याने घेतलेला. खिडक्यांत तांबड्या फुलांचे खोके, खाली कुरण, पलीकडे तळं, त्यापलीकडे डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर बर्फ. पहिल्या सकाळी गंगूबाई अनवाणी गवतात उभी राहिली. दव तळव्यांना लागलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. कुणाला दिसू नये म्हणून तिने पदराने नाक पुसलं, जसं काही पडसंच झालंय.

पण तिथेही सुख तिला नीट गिळू दिलं नाही, ते नूरीने. स्वतः हजर नसूनही नूरी तिथे सगळीकडे होती. दुकानातली पोरगी दूध देताना म्हणाली, "नूरी?" आणि मान वाकडी करून दाराकडे बघत राहिली. तळ्याकाठी चटई टाकली, थर्मास काढला, मच्छबूसचं, म्हणजे तिकडच्या मटणभाताचं, मोठं पातेलं उघडलं, तर मामाची लेक युसरा म्हणते, "नूरी कांदा जास्त तळते." आणि त्या दोरीला लटकणाऱ्या डब्यात! डबा जमिनीवरून उचलला तशी गंगूबाईने डोळे मिटून सातेरीचा धावा सुरू केला. युसरा बारा-तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. ती खिदळत म्हणाली, "नूरी नेव्हर क्लोजेस हर आइज!"

तेवढं इंग्रजी गंगूबाईला कळत होतं. नूरी डोळे मिटत नाही. तिने रागाने दोन्ही डोळे सताड उघडले आणि परत खाली येईपर्यंत मिटले नाहीत. खाली झाडं भाताच्या रोपांएवढी, तळं ताटाएवढं. पण बघितलं सगळं. नूरीने बघितलं त्याच्या तसूभरही कमी नाही.

वर चीज घातलेल्या शेवया खाल्ल्या. चवीला बऱ्या होत्या. सफरचंदाच्या पोळीबद्दल मात्र नूरीने कमीच सांगितलं होतं. म्हणजे लबाडच.

राहिली गाय. बहुतेक गुरं उन्हाळ्यात वर डोंगरावर चरायला नेतात, पण म्हातारीच्या चार-पाच घरामागच्या कुरणातच होत्या. गंगूबाईने पहिल्याच सकाळी अंघोळ केली, कणीक मळली, पहिली चपाती बाजूला काढली, तिच्यावर गुळाचा खडा ठेवला, आणि पुडीतलं चिमूटभर कुंकू घेऊन कुंपणाशी गेली.

"ये गो बाये, ये, ये, ये..."

गाईंनी मान वर केली. बघितलं. पुन्हा खाली घातली.

तिने सगळे आवाज करून बघितले. तांबूला बोलवायची ती हाक मारली, जिभेने टकटक केलं. गाई जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. चपाती कुंपणाच्या खांबावर ठेवून ती परत यायची. तिला वाटायला लागलं, गाईला कळतंय. आपण कशा आलो, काय करून आलो, हे जनावराला कळतंय. माणसापासून लपतं, गाईपासून नाही. त्या सकाळी तिने सातेरीला काहीच विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

मग एका रात्री पाऊस झाला आणि सकाळी हवा अशी बोचरी झाली की शाल पुरेना. गंगूबाईने नाइलाजाने नूरीचा कोट अंगात घातला आणि चपाती घेऊन खाली उतरली.

ती कुंपणाशी पोचायच्या आधीच घंटा खणखणली. पांढरी-तपकिरी एक दांडगी गाय मान उंच करून तिच्याकडे बघत होती. मग ती निघाली. चालत नाही, पळत. एवढं मोठं धूड गळ्यातली घंटा बडवत सरळ गंगूबाईच्या अंगावर.  आली गो आली, माझी बाय आली, म्हणून तिने चपाती पुढे केली. गाईने चपातीकडे बघितलंसुद्धा नाही. कुंपणावरून मान काढून तिने थेट कोटाच्या खिशात तोंड घातलं आणि खरबरीत जीभ आतून फिरवायला लागली.

मागून हसण्याचा आवाज आला. घरमालकीण म्हातारी दुधाची बादली घेऊन उभी होती. "नूरी! नूरी!" ती कोटाकडे बोट दाखवून म्हणाली. मग तिने बादली खाली ठेवली आणि नक्कल करून दाखवली. खिशातून काही तरी काढलं, लांबूनच गाईकडे फेकलं, आणि दोन्ही हात डोक्यावर धरून पळत सुटली. पुन्हा आली, पुन्हा फेकलं, पुन्हा पळाली.

वरच्या गॅलरीतून युसरा ओरडली, "नूरी रोज सकाळी तिला चपाती देते! थ्रोज अँड रन्स!"

गंगूबाईने खिशाकडे बघितलं. तिला सगळं कळलं. बिस्किटं नव्हती ती.

शेवटी गाईने खिसा सोडला आणि हातातली चपाती घेतली. गंगूबाईने तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं. गाईची कातडी ओली, ऊन होती, तांबूसारखीच. ज्यासाठी एवढं केलं ते झालं होतं, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोळ्यांसमोर. आणि गंगूबाईच्या मनात पहिलं काय आलं असेल? तर हे की पुण्यसुद्धा हिनेच खाल्लं! मी देव मानते, मी रीत पाळते, मी कबुतरांना घालून दिवस काढते; आणि ही बाई, डोक्यावर हात धरून पळणारी, हिने इतके उन्हाळे गोग्रास दिला. आणि गाय ओळखते ती तिला. तिच्या कोटाला. मी तर कोण, कोट अडकवलेली खुंटी.

मग दुसरं आलं. आत्ता रत्नागिरीला काय पाऊस असेल! त्यात मांडव. त्यात हिच्या एकुलत्या पोरीचा निका.

त्या दिवसापासून ती रोज कोट घालूनच जायची. न घालून काय करणार? त्याच्याशिवाय गाय येत नव्हती.

सप्टेंबरात गाडी रुमैथियाला फाटकात थांबली. नूरी गावाहून आधीच आली होती. तिनेच फाटक उघडलं. गंगूबाई खाली उतरली आणि बघते तर नूरीची नजर खाली. ती टाचा बघत होती. गंगूबाईच्या टाचा. क्षणभरच, मग बॅगेला हात घालून तिने ती दणकन उचलली.

"हळू," गंगूबाई म्हणाली, "मामाच्या चॉकलेटी आसत."

"असूदेत."

संध्याकाळी दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. एक लाटतेय, एक भाजतेय.

"लगीन कसा झाला?" गंगूबाईने तव्याकडे बघत विचारलं.

"झालं. मांडवात पाणी शिरलं. पाहुणे पडवीत जेवले, बिर्याणीची डेग ताडपत्रीखाली. नवरदेवाच्या शेरवानीचा रंग सुटून लेंगा निळा झाला." नूरी हसली, पण अर्धंच. "बानू म्हणाली, अम्मे, ऑक्टोबर काय वाईट होता?"

गंगूबाईने चपाती उलटली. करपली होती.

"मामाला तूच सांगितलंस ना?"

"सांगलंय."

"मला माहीत होतं."

"मग कोट कित्याक दिलंस?"

"थंडीत मरायला सोडू काय?" नूरीने नवी लाटी घेतली. "गाय आली?"

"तुझ्या कोटाकडे इली. माझ्याकडे नाय." गंगूबाईचा आवाज चढला. "तू माका कधी सांगूक नाय कित्या? इतकी वर्सा गायीक चपाती घालतंस, आणि माका सांगतंस शिंगाक घाबरतंय!"

"घाबरते म्हणूनच फेकायची. अगो, तुझ्याशेजारी उभं राहून माझ्या हातालाही खोड लागली, पहिली बाजूला ठेवायची. तिथे तव्यावरून पहिली उतरली की हात आपोआप बाजूला. ठेवली तर खरी, आता टाकू कुठे? समोर गाय. मग खिशात घालायची आणि..." तिने हात झटकून दाखवला.

"पण सांगूचा तरी!"

"सांगितलं असतं तर तू आणखी जळली असतीस."

 खरं होतं ते. गंगूबाईने करपलेली चपाती आपल्या ताटात टाकली आणि पुढची, चांगली फुगलेली, नूरीच्या. माफी-बिफी शब्द तिच्या तोंडातून कधी निघाला नाही. तिच्या मुलखात तो शब्द बायका वापरत नाहीत, ताटात वाढतात.

पुढच्या मे महिन्यात मामा पासपोर्ट घेऊन बसली आणि म्हणाली, "गंगू, या वर्षीही तूच चल. युसरा तुझंच नाव घेते."

गंगूबाईच्या डोळ्यांसमोर कुरण आलं, दव आलं, ती घंटा आली. तिने मसुरातला खडा नीट उचलून बाजूला ठेवला. "नको, मामा. डोंगर चढताना माझे गुडघे दुखतात. नूरीला न्या." गुडघे ठणठणीत होते. त्या रात्री कपाट उघडून ती सातेरीला म्हणाली, "एक खोटा त्या वर्साचा, एक ह्या वर्साचा. फिटला म्हणशील तर म्हण."

म्हणून काही जळणं थांबलं नाही. जूनमध्ये बॅगा भरायला लागल्या, कपाटातून कोट निघाला, तशी ती पुन्हा भांडी आपटायला लागली. नळाचं पाणी तापलं, चादरी सोफ्यांवर आल्या. लक्ष्मीकांत गाडीत सामान ठेवत म्हणाला, "गंगूबाय, परत तुमका एसीच!"

"गप रे तू."

नूरी गाडीत बसायच्या बेतात होती. गंगूबाई धावत आली आणि तिच्या हातावरच्या कोटाच्या खिशात एक पुडकं कोंबलं. कडक भाजलेली चपाती, चार दिवस टिकेल अशी, वर गुळाचा खडा.

"ही माझी आसा. पयल्या दिवशी हीच द्यायची, तुझी मागसून. आणि हातान दी. फेकू नको. माझ्या नावान दी."

"हाताने? बाई गं! शिंगं आहेत तिला."

"हातान म्हटलंय ना?"

"आणि पुण्य कुणाचं?"

गंगूबाईने विचार केला. उन्हात उभी होती, टाचा तापत होत्या. सगळं द्यायचं तिच्या जिवावर आलं.

"अर्धा तुझा," ती म्हणाली, "अर्धा माझा."

नूरीने गाडीचं दार लावून घेतलं, काच खाली केली आणि सगळ्यांदेखत, मामादेखत, मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"